आधी आरटीओ, मग ग्राइंडर : जुन्या जीपच्या चासीबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जुन्या जीपच्या ब्रेकवर लिहिलं होतं आणि शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की ब्रेकवर पैसे घालायच्या आधी एकदा गाडीखाली झोपून चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा बघा, पाट्याचं (म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगचं) ब्रॅकेटच कुजलेलं असेल तर नवे ब्रेक काय कामाचे. झालं, त्या एका ओळीवर ढीगभर पत्रं आली आणि ब्रेकबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. त्यातली पाच घेतोय. बरेच प्रश्न सारखेच होते त्यामुळे तुमचं पत्र नसेल तरी उत्तर यात सापडेल बहुतेक. आणि हो, मी चासीच लिहिणार, चॅसिस नाही, आमच्याकडे गॅरेजात चॅसिस म्हटलं की पोरं हसतात.

"वडिलांची एमएम ५४० आहे, १९९४ ची. गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे, ते २०२१ ला गेले. पासिंग २०२४ ला संपलंय. मागच्या पाट्याजवळ चासीला दोन्ही बाजूनी भोकं पडलीत, बोट आत जातं. इथला फॅब्रिकेटर म्हणतो पूर्ण नवीन चासी बनवून देतो आणि जुना नंबर 'सेम टू सेम' पंच करून देतो, कोणाला कळणार पण नाही. करू का? गाडी विकायची नाहीये, वडिलांची आठवण आहे." (दापोली)

दादा, फॅब्रिकेटरला चहा पाजा आणि नको म्हणून सांगा. तो माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, कोकणात अशा कितीतरी गाड्या त्याच्यासारख्यांनीच चालत्या ठेवल्यात, पण नंबर पंच करणं हे काम त्याचंही नाही आणि तुमचंही नाही. चासी नंबर कंपनी मारते, आणि परत मारायची वेळ आली तर आरटीओच्या परवानगीनं, त्यांच्या देखरेखीत मारला जातो. आपल्या हातानं मारला की तो नंबर खरा असला तरी दिसायला चोरीच्या गाडीसारखाच दिसतो, अक्षराचा वळसा वेगळा, खोली वेगळी, दोन अक्षरांमधलं अंतर वेगळं. इन्स्पेक्टर रोज पंधरा-वीस चासी बघतो हो, त्याला कळतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ मधे सरळ लिहिलंय की गाडीवरचा चासी नंबर किंवा इंजिन नंबर आरसीतल्या नंबरापेक्षा वेगळा निघाला तर तुमचं म्हणणं ऐकून घेऊन रजिस्ट्रेशन रद्द करायचं. आणि नंबरात फेरफार केल्याचा पोलीस केस झाला तर तो वेगळाच, मग आठवण राहील पोलीस स्टेशनच्या आवारात, टायर बसलेल्या अवस्थेत.

आता तुम्ही मला विचाराल की नवीन चासी मग कधीच टाकता येत नाही का. येते, पण रस्ता उलटा आहे, म्हणजे आधी परवानगी आणि मग काम. कलम ५२ हे सगळं याबद्दलच आहे. आरसीत जे लिहिलंय आणि कंपनीनं जे बनवलंय त्याच्याशी जुळणार नाही असा बदल मालकानं करायचा नाही, हा त्याचा गाभा. तुम्ही जर त्याच मॉडेलची, तेवढ्याच मापाची फ्रेम कंपनीच्या बिलासकट आणली, आरटीओला कामाआधी अर्ज दिला, लेखी मंजुरी घेतली, काम झाल्यावर गाडी नेऊन दाखवली आणि आरसीवर नोंद करून घेतली, तर ते रीतसर झालं. मग तोच कागद विमा कंपनीला पाठवून पॉलिसीवरही नोंद करून घ्यायची, हे शेवटचं बहुतेक जण विसरतात. त्याच कलमात पुढे १४ दिवसांत कळवायचं असं एक वाक्य आहे, ते वाचून काही जण मला सांगतात की बघा, आधी करून मग कळवलं तरी चालतं. तसं नाहीये ते. बिनपरवानगी बदल झाला असेल तर निदान १४ दिवसांत सांगा आणि आरसी जमा करा असं ते आहे, त्यानं चुकीचा बदल बरोबर होत नाही.

पण खरं सांगू का, तुमच्या गाडीला पूर्ण चासीची गरज आहे असं मला वाटतच नाही. मागच्या शॅकलजवळ, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जिथे टांगलेलं असतं तिथे कुजणं हा कोकणातल्या प्रत्येक जीपचा आजार आहे. रेल, म्हणजे चासीच्या दोन बाजूंची लांब तुळई, जिथे बंद पेटीसारखी आहे तिथे लाल माती आत जाते, खालची पाणी जायची भोकं बुजतात, आणि मग ती माती जून ते ऑक्टोबर ओलीच राहते. बाहेरून रंग छान आणि आतून पापड. म्हणून आधी हे करा, लहान हातोडी घ्या आणि गाडीखाली झोपून पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत चार-चार बोटांवर ठोकत या. चांगल्या लोखंडाचा आवाज टणकन येतो, कुजलेलं असेल तर थप असा मेलेला आवाज येतो आणि गंजाचे पापुद्रे तोंडावर पडतात, गॉगल घाला. जिथे आवाज बदलला तिथे खडूनी गोल करा. सगळं झालं की फोटो काढा. खुणा फक्त मागच्या एक-दीड फुटात असतील (माझी पैज आहे तिथेच असतील) तर तेवढाच भाग कापून बदलायचा, त्याला आमच्यात तुकडा घालणं म्हणतात, आणि नंबर असलेला रेलचा भाग आहे तसा राहतो. मूळ मापात, मूळ जागी केलेली दुरुस्ती ही दुरुस्तीच असते, त्यानं गाडीची ओळख बदलत नाही. तरी कामाआधीचे, मधले आणि नंतरचे फोटो, वेल्डरचं बिल, पत्र्याचं बिल हे सगळं एका फाईलला लावून ठेवा, कोणी विचारलंच तर तोंडी सांगण्यापेक्षा फाईल बरी.

वेल्डरला काय सांगायचं ते लिहितो कारण इथेच वाट लागते. कापायच्या आधी कर्ण मोजा, म्हणजे डाव्या पुढच्या बॉडी बोल्टच्या भोकापासून उजव्या मागच्या भोकापर्यंत, आणि मग त्याच्या उलट, दोन्ही आकडे रेलवरच खडूनी लिहा. मग दोन्ही रेलच्या मधे अँगलचा तात्पुरता आडवा टेकू वेल्ड करा. एका वेळी एकच बाजू कापा, दोन्ही बाजू एकदम कापल्या की मागचं टोक कुठे जाईल सांगता येत नाही आणि मग गाडी आयुष्यभर खेकड्यासारखी तिरकी चालते. कट सरळ उभा नको, तिरका पाहिजे, म्हणजे सगळा जोर एका रेषेवर येत नाही. आतून स्लीव्ह, म्हणजे जोडाच्या आत बसणारा पत्र्याचा आधार. पत्रा मूळ रेलच्या जाडीचाच, व्हर्निअरनी मोजून, "हा पण जाडच आहे साहेब" यावर विश्वास ठेवू नका. बॅटरी काढा, अल्टरनेटरच्या वायरी काढा, टाकी उतरवा आणि ब्रेकच्या नळ्या बाजूला घ्या. काम झालं की परत कर्ण. आतल्या बाजूला झिंक प्रायमर आणि वरून मेणासारखं अँटीरस्ट, आणि ती पाणी जायची भोकं मोकळी ठेवा. तुमच्याकडे पावसाळ्याआधी खालून जळकं ऑइल मारायची पद्धत आहे, पत्र्याला ते चालतं पण रबरी बुशांवर उडू देऊ नका, बुश फुगतात.

कागदांचं पण सांगतो कारण ते पण अडकलेलंच आहे. आधी गाडी तुमच्या नावावर करा, मालक वारल्यावर ट्रान्सफरसाठी फॉर्म ३१ असतो, नियमाप्रमाणे वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो, तुम्हाला उशीर झालाय तर दंड भरावा लागेल, भरा. मग फॉर्म २५ म्हणजे रिन्यूअल, पाच वर्षांसाठी, आणि त्याबरोबर पर्यावरण कर. दोन्ही वेळेला चासी नंबरची पेन्सिल प्रिंट, म्हणजे कागद ठेवून पेन्सिलीनं घासून घेतलेला ठसा लागते, त्यामुळे वेल्डिंगच्या आधी नंबराच्या जागेवर ग्रीस आणि त्यावर जाड पुठ्ठा बांधायला सांगा, ठिणगी उडाली तरी नंबर खराब व्हायला नको. आणि पासिंग संपलेली गाडी चालवत आरटीओत नेऊ नका, फ्लॅटबेडवर न्या, दापोली ते रत्नागिरी लांब पडतं मला माहितीये पण वाटेत काही झालं तर विमा हात वर करणार.

"बोलेरोची चासी, इंजिन, पॉवर स्टिअरिंग, एसी सगळं आहे, एका माणसाकडे अपघातात गेलेली गाडी पडून आहे. त्यावर माझ्या जुन्या सीजे जीपची बॉडी बसवली आणि पेपर जीपचे ठेवले तर? यूट्यूबवर तर सगळे करतात." (बीड)

नाही.

थोडं अजून लिहितो नाहीतर संपादक म्हणतील एवढंच काय. चासी बोलेरोची, इंजिन बोलेरोचं, चाकांमधलं अंतर वेगळं, आणि आरसी जीपची, म्हणजे रस्त्यावर जी गाडी आहे ती आरसीत नाही आणि आरसीत जी आहे ती भंगारात गेली. ही दुरुस्ती नाही हो, ही दुसरीच गाडी आहे. ९ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं केरळमधल्या एका प्रकरणात कलम ५२ वर स्पष्ट सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर जाणारा बदल करता येणार नाही, आणि त्याच वर्षी कायद्यात सुधारणा होऊन कलम १८२अ आलं. त्यात मालकानं बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलाला बरं का, तुम्ही पत्रात चार लिहिलेत. आणि दंडाचं सोडा, उद्या या गाडीनं कोणाला धडक बसली तर विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिल्यांदा चासी नंबर बघणार.

यूट्यूबवाले आरटीओचा भाग दाखवत नाहीत कारण तो नसतोच. उत्तरेतून, खास करून हरियाणातल्या मंडी डबवालीकडून, तयार जीपा ट्रेलरवर टाकून आपल्याकडे येतात, दिसायला एकदम भारी, काम पण चांगलं असतं कित्येकदा. घ्यायचीच असेल तर पैसे द्यायच्या आधी आरसीतला नंबर आणि रेलवरचा नंबर स्वतः जाऊन ताडा, वाहन पोर्टलवर गाडी बघा, आणि फॉर्म २८ ची एनओसी, म्हणजे तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र, हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका. "एनओसी मागून पाठवतो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मला त्यावर हसू पण येत नाही.

"२००४ ची जिप्सी घेतली, हौस म्हणून. ट्रान्सफरसाठी नेली तर साहेबांनी परत पाठवली, म्हणे चासी नंबर वाचता येत नाही. मी बघितलं तर खरंच काळ्या रंगाचा जाड थर आहे आणि खाली गंज. आधीचा मालक म्हणतो मी काही केलं नाही, घासा आणि दाखवा. ग्राइंडरनी घासू का?" (कोल्हापूर)

ताई, ग्राइंडर नको! थांबा.

माझीच गोष्ट सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाची जिप्सी पूर्ण उघडली होती, चासी एकदम सुटी, आणि मी उत्साहात ती एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या शॉपला सँड ब्लास्टिंग आणि पावडर कोटिंगला पाठवली. सांगितलं होतं नंबराच्या जागी टेप लावा म्हणून. तोंडी. चार दिवसांनी चासी आली, काळीभोर, आरशासारखी, मी खूश, गिऱ्हाईक खूश, आणि नंबर कुठाय? नंबर नाही. आधी वाळूनी अक्षरांच्या कडा खाल्ल्या आणि मग उरलेल्या खाचेत पावडर बसून भट्टीत पक्की झाली. हात फिरवला तर किंचित खडबडीत लागायचं, बास. पुढचे चार महिने मी आणि ते गिऱ्हाईक आरटीओच्या बाकावर एकमेकांशी न बोलता बसलो. तेव्हापासून मी नंबराच्या जागी स्वतः पत्र्याचं झाकण बोल्टनी आवळतो आणि मगच चासी गॅरेजच्या बाहेर पाठवतो.

तर तुम्ही काय करायचं. रंग काढायचं केमिकल मिळतं, जेलसारखं, ते ब्रशनी लावा, वर प्लास्टिक चिकटवा, अर्धा तास सोडा, मग पितळी ब्रशनी हलक्या हातानं. लोखंडी ब्रश नको, पॉलिश पेपर नको. दोन-तीनदा करावं लागेल. मग रॉकेलनी पुसा, कोरडं करा, टाल्कम पावडर बोटानं चोळा आणि जास्तीची फुंकून टाका, खाचेत पांढरी पावडर राहते आणि अक्षरं उठून दिसतात. टॉर्च समोरून न मारता एकदम बाजूनं, रेलला चिकटवून मारा, सावलीमुळे पुसट अक्षर पण वाचता येतं. त्यानंतर पातळ कागद, वर-खाली सेलोटेप, आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हळूहळू घासा. सगळी अक्षरं आली तर त्या जागेला फक्त पारदर्शक लॅकर मारा आणि परत ट्रान्सफरला न्या.

दोन-तीन अक्षरं आलीच नाहीत तर मात्र पुढे स्वतः काही करू नका, सुई घेऊन कोरायचा मोह होतो, अजिबात नको. आरटीओला लेखी अर्ज द्या की गंजामुळे नंबर अस्पष्ट झालाय, तपासून पुन्हा पंच करायला परवानगी द्या. ते जुने कागद मागतील, गाडी चोरीची नाही याचा दाखला मागतील (राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरो म्हणजे एनसीआरबीकडे गाडीचा नंबर तपासून असा दाखला निघतो), कंपनीकडून इंजिन आणि चासी नंबर एकाच गाडीचे आहेत असं पत्र मागू शकतात, बहुतेक पोलिसांकडूनही काही लागेल. प्रत्येक ऑफिसची यादी थोडी वेगळी असते, म्हणून यादी तोंडी ऐकून येऊ नका, कागदावर लिहून घ्या. इंजिन नंबर तुमचा स्वच्छ दिसतोय का ते आधी बघा, तो जुळत असेल तर अर्धं काम सोपं.

आणि एक राहिलं, आधीच्या मालकाला सोडू नका. ट्रान्सफर झालेली नाही म्हणजे कागदावर गाडी अजून त्यांचीच आहे, अर्जावर त्यांचीच सही लागणार. पूर्ण पैसे दिले असतील तर गोड बोलून सोबत न्या.

"मी लेस्टरला असतो, मूळ सांगलीचा. १९८५ ची लँड रोव्हर नाइंटी घेतलीये, चासी गेली आहे, इथे सगळे गॅल्व्हनाइज्ड नवीन चासी टाकतात. पण कोणीतरी घाबरवलं की क्यू नंबर प्लेट (गाडीची मूळ ओळख पक्की नसली की देतात ती) लागेल आणि जुना नंबर जाईल. खरं का?" (लेस्टर, इंग्लंड)

तुमचं पत्र वाचून दापोलीवाल्यांना काय वाटेल देव जाणे, कारण तुमच्याकडे हे काम म्हणजे रविवारचा उद्योग आहे. तिथे कित्येक वर्षं गुणांची पद्धत होती, म्हणजे खूप बदललेल्या गाडीत मूळ गाडीतलं किती उरलं याचे गुण. चासीला ५, सस्पेन्शनला २, अॅक्सल २, गिअरबॉक्स-ट्रान्समिशन २, स्टिअरिंग २ आणि इंजिनला १. जुना नंबर ठेवायला कमीत कमी ८ लागायचे आणि त्यात चासी हवीच. खुबी अशी होती की मूळ चासी किंवा त्याच नमुन्याची, काहीही फेरफार न केलेली नवी चासी, बिलासकट, दोन्हीला ५ गुण सारखेच. म्हणजे तुमच्यासारख्याला तेव्हाही भीती नव्हती, भीती होती ती चासी कापून आखूड करणाऱ्याला किंवा रेंज रोव्हरच्या चासीवर डिफेंडरची बॉडी चढवणाऱ्याला, क्यू प्लेट अशांच्या नशिबी यायची. आमचे बीडचे वाचक तिकडे असते तर त्यांना पण आली असती. २६ ऑगस्ट २०२५ पासून डीव्हीएलएनं, म्हणजे तिथल्या गाड्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी खात्यानं, नियम अजून सैल केलेत, जसंच्या तसं दुरुस्त किंवा रिस्टोअर केलेलं असेल, गाडी मूळसारखीच दिसत असेल आणि लॉगबुकातलं काही बदलत नसेल तर कळवायची पण गरज नाही.

तुमची गाडी १९८५ ची, म्हणजे ४० वर्षांची, तिथे ती हिस्टॉरिक होते आणि टॅक्स जातो, एमओटी म्हणजे दरवर्षीची गाडीची तपासणीही माफ होते, फक्त गेल्या ३० वर्षांत मोठा बदल झालेला नसावा. त्याच नमुन्याची बदली चासी हा मोठा बदल धरत नाहीत, वेगळ्या नमुन्याची मात्र धरतात, म्हणून नाइंटीची चासीच घ्या, जास्तीची ब्रॅकेटं लावलेली वगैरे घेऊ नका. चासीचं बिल जपा, त्यावर गाडीचं मॉडेल लिहून घ्या. जुन्या चासीचा नंबर असलेला तुकडा कापून घरात ठेवा, बाकीची भंगारात द्या. एमओटी माफ झाली तरी मी म्हणतो करून घ्या, एमओटीत सस्पेन्शन, स्टिअरिंग, बेल्ट यांच्या बोल्टांपासून ३० सेंटीमीटरच्या आत मोठा गंज सापडला तर गाडी नापास होते. हा ३० सेंटीमीटरचा हिशोब मला इतका आवडलाय की मी इथेही तोच लावतो, पाट्याच्या ब्रॅकेटपासून एक फूट, त्याच्या आत गंज म्हणजे आधी ते.

गॅल्व्हनाइज करताना चासी साधारण ४५० डिग्रीच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात, आतबाहेर सगळीकडे जस्त चढतं म्हणून ती टिकते. पण त्यामुळेच नंतर तिच्यावर वेल्डिंग करायला जाऊ नका, जस्ताचा धूर छातीत जातो, ताप भरतो. टो बार, विंच काय लावायचं ते बोल्टनी लावा. आपल्याकडेही काही जण जुनी चासी गॅल्व्हनाइज करतात, करा, पण नंबराच्या खाचेत जस्त बसतं, वरची जिप्सीची गोष्ट परत वाचा.

"आजोबांची १९६५ ची विलिज आहे, सीजे-३बी, उंच बॉनेटवाली. व्हिंटेज म्हणून व्हीए नंबर मिळतो असं ऐकलं. चासी खराब आहे, नवीन टाकून मग अर्ज करावा की आधी? इंजिन आजोबांनी ऐंशीच्या दशकात डिझेलचं बसवलं होतं." (सातारा)

नवीन टाकली की अर्ज करायचा प्रश्नच मिटतो, म्हणून कशालाही हात लावू नका आत्ता. २०२१ च्या जुलैत केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं झालेली पाहिजेत, ते तुमचं होतंय, पण पुढची अट अशी की गाडी मूळ रूपात ठेवलेली पाहिजे आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार झालेला नको. म्हणजे चासीचं नंतर बघू, इंजिनाचाच घोळ आहे तुमच्याकडे. मूळ गाडीत विलिजचं हरिकेन पेट्रोल इंजिन होतं, २.२ लिटरचं. आरसी बुक उघडा आणि इंधनाच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. डिझेल लिहिलं असेल तर आजोबांनी निदान नोंद केली होती, त्या पिढीची माणसं करायची. पेट्रोल लिहिलं असेल तर चाळीस वर्षं गाडी चुकीच्या कागदावर चालतेय आणि आधी तेच निस्तरावं लागेल.

जुनं पेट्रोल इंजिन कोठीत कुठे पडलंय का ते पण बघा, हसू नका, सातारा-सांगलीकडच्या वाड्यांमधे मी अशी इंजिनं गोणपाटाखाली झाकलेली दोनदा बघितलीत. नंबर जुळला तर सोनं.

तरी एक विचार करा की व्हीए नंबर तुम्हाला हवाय कशाला. नव्या रजिस्ट्रेशनला २०,००० रुपये फी, दहा वर्षांसाठी, मग रिन्यूअलला ५,०००, आणि एवढं करून गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, एवढंच. तुम्ही पत्रात लिहिलंय की दर रविवारी कासला जाता. मग साधं पाच-पाच वर्षांचं रिन्यूअल बरं, वय वाढलं की त्याचीही फी वाढत जाते पण कासला तर जाता येईल. चासीसाठी दापोलीचंच उत्तर, हातोडी, खडू, तुकडा.

सगळ्यांना एक विनंती. पत्रासोबत फोटो पाठवता ते फार उपयोगी पडतात, पण यावेळी सहा जणांनी आरसी आणि चासी नंबरचा स्वच्छ फोटो एकत्र पाठवला होता, ते नंबर चुकीच्या माणसाच्या हाती लागले तर तुमच्या गाडीची जुळी बहीण कुठेतरी तयार होईल. मी ते डिलीट केलेत. गंजाचे फोटो पाठवा, नंबरावर अंगठा ठेवून.